मोठी गप्प, धाकटी गेली

चिमटी सकाळी उठली की आधी पोटावर हात ठेवायची. गोळा असायचाच. मग ती फोन उघडायची, मोठ्या संस्थेच्या पानावर अर्जाचा क्रमांक टाकायची आणि डोळे मिटून घ्यायची. थोड्या वेळानं एक डोळा किलकिला करून बघायची. पानावर कालचेच दोन शब्द असायचे. प्रतीक्षा यादी.

“आज काय म्हणतेय?” आई आरशासमोरून विचारायची.

“तेच.”

“मुकी आहे मेली,” असं म्हणून आई केसांना पिन लावायची आणि कामाला निघायची.

आई इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर रेशमासारख्या आवाजात लोकांना या वॉर्डातून त्या वॉर्डात जोडून द्यायची. घरी आली की तो आवाज पर्समध्ये ठेवायची आणि दुसरा काढायची.

बाबा कवळ्या करायचे. घराच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे त्यांची लॅब. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे. बाबा त्यात प्लास्टर ओतायचे, की साचा तयार. साच्यावर मेण, मेणावर दात. डॉक्टर ते मेणाचं तोंडात बसवून बघायचे. पसंत पडलं की मेणाच्या जागी गुलाबी लगदा भरायचा, पितळी डबी आवळायची आणि पाण्यात शिजवायची. मेण आहे तोवर काय हवं ते बदलता येतं. शिजली की संपलं.

चिमटी याच खोल्यांत रांगायला शिकली. तिनं गप्प बसावं म्हणून बाबांनी तिला एक काम दिलं होतं. खाली सांडलेले दात चिमट्यानं उचलायचे आणि वाटीत टाकायचे. ती तासन्‌तास उचलायची. नाव तिथूनच पडलं. खरं नाव फक्त अर्जांपुरतं उरलं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती बाबांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. तिथेच राहिलीही असती. पण एक म्हाताऱ्या बाई आल्या. बाबांनी केलेली कवळी त्यांना चपखल बसली होती, तरी घातली की हिरड्या सोलवटायच्या. बाबांनी पुन्हा करून दिली. मग पुन्हा. शेवटी त्यांनी हात टेकले. “त्यांच्या तोंडाला आपली वस्तू मानवत नाही,” ते म्हणाले. का मानवत नाही, हे कोणालाच सांगता येईना. चिमटीनं कॉलेजची पुस्तकं काढली. त्यांत नव्हतं. शोधता शोधता तिला मोठी संस्था सापडली. शरीरात बसवायच्या वस्तू कशाच्या करायच्या, एवढ्यावरच तिथे एक आख्खा विभाग चालत होता. त्या विभागाचं पान तिनं इतक्या वेळा वाचलं, की प्राध्यापकांचे चेहरे तिला नातेवाइकांसारखे ओळखीचे झाले.

तिनं अर्ज केला. जोडीला आणखी एका ठिकाणी केला. तिथे साधं रसायनशास्त्र होतं. घरात दोन्ही संस्थांना नावं पडली. मोठी आणि धाकटी.

धाकटीचं पत्र वेळेवर आलं. प्रवेश मिळाला होता. मोठीचं उत्तर सांगितलेल्या तारखेला आलं नाही. तारीख गेली, तरी आलं नाही. विचारलं तेव्हा कळलं, यंदा निर्णय लांबलेत. मग एका दुपारी आलं. होकार नव्हता, नकारही नव्हता. जागा झाली तर कळवू, एवढंच होतं.

“म्हणजे ‘बसा जरा, बघतो’,” आई म्हणाली.

“‘नाही’ असं तर म्हटलं नाही ना?” बाबा म्हणाले.

“हो तरी कुठे म्हटलंय?”

“असू दे. धाकटी आहे की हातात.”

“तेच म्हणते मी. ती तेवढी सोडू नकोस. काय गं?”

“बघू,” चिमटी म्हणाली.

खरं तर ‘बघू’ हा शब्द त्या घरात चालत नसे. बाबांचा नियमच होता. एका डॉक्टरच्या कामाला हो म्हटलं की त्या दिवसासाठी दुसऱ्याला हो म्हणायचं नाही. जमवू, करून टाकू, बघू, असलं काही नाही. फार वर्षांपूर्वी त्यांनी एकाच दिवसाचं काम दोघांना कबूल केलं होतं. त्यापायी एक गृहस्थ स्वतःच्याच निरोप समारंभात तोंड मिटून बसले. भाषण पाठ करून आले होते, ते खिशातच राहिलं. तेव्हापासून बाबांनी कानाला खडा लावला. चिमटी हे ऐकतच वाढली. तिला तो नियम वाटायचाच नाही. माणसं अशीच वागतात, असं वाटायचं.

धाकटीनं विचारलं होतं, येणार की नाही? मुदतीच्या आत कळवा.

चिमटी त्या पानासमोर बसली. हो म्हणायचं, आणि मग मोठीनं बोलावलं तर? धाकटीला तोंडघशी पाडायचं? तिची जागा अडवायची आणि डोळे मोठीच्या दाराकडे लावायचे? तिला ते पटेना. जायचं असेल तर हो. नाहीतर नाही. तिनं ‘नाही’वर बोट ठेवलं. पानानं विचारलं, नक्की? तिनं पुन्हा बोट ठेवलं.

एखादं काम नीट झालं की वाटतं तसं तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं चहा उकळेपर्यंत टिकलं.

घरी तिनं सांगितलं नाही. आईनं विचारलं, “धाकटीला कळवलंस ना?” ती म्हणाली, “कळवलं.” आई निर्धास्त झाली. चिमटीच्या पोटात मात्र त्या दिवशी जो गोळा आला, तो मुक्कामालाच राहिला.

वरच्या मजल्यावर गुरुजी राहायचे. आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे उरलेसुरले दात काढून झाले होते आणि कवळी बाबांकडे होती. रोज कठड्याला धरून खाली उतरायचे. आधी तिची चौकशी, मग स्वतःची.

“तुझं झालं?”

“नाही, गुरुजी.”

“आणि माझं?”

“मेणाचं बसवून बघितलं ना परवा? आता शिजवायची राहिलीय.”

“म्हणजे दोघंही रांगेत. घाबरतेस कशाला? रांग म्हटली की सरकणारच. पुढचा गेला की मागचा पुढे. सोपं गणित आहे.”

चिमटीला ते गणित फार आवडलं. लॅबच्या फळीवरही कामं ओळीनं मांडलेली असायची. डावीकडचं आधी. एक गेलं की उरलेली सरकवायची. साचे सरकवताना ती मनात स्वतःलाही सरकवायची. आज तिकडे कोणीतरी नाही म्हणालं असेल. आपण आता फळीच्या मधल्या खिळ्यापाशी आलो असू. उद्या टोकाला.

पण ही फळी डोळ्यांना दिसायची. तिकडची फळी कोणी पाहिली होती? हा विचार आला की तिला बसवत नसे. मग ती उगाचच फडकं घेऊन टेबल पुसायची. त्या दिवसांत लॅब इतकी स्वच्छ होती, की बाबांना हत्यारं सापडत नव्हती.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. चिमटीसाठी शिफारसपत्र त्यांनीच लिहिलं होतं. ती तयार काम द्यायला गेली, तेव्हा त्या एका पेशंटच्या तोंडात कापूस भरत होत्या.

“ठेव तिथे. तोंड का उतरलंय तुझं?”

“मॅडम, यादीत मी कितवी असेन हो?”

“कितवी-बितवी नसतं गं तिथे. क्रमच लावत नाहीत. ज्या विषयातली जागा सुटते, त्या विषयातलं कोणीतरी उचलतात. आज तू, उद्या आणखी कोणी. एखाद्या वर्षी कोणीच नाही.”

फळी भिंतीतून निखळली आणि सगळे साचे खाली आले, असं वाटलं.

“पण तू कशाला जीव टांगणीला लावतेस? धाकटीला हो म्हणून ठेवलंयस ना?”

चिमटीनं आणलेलं काम टेबलावर उगाच सरळ केलं.

“ठेवलंयस ना?”

“नाही म्हटलं.”

“काय नाही म्हटलं?”

“नाही असं कळवलं. येत नाही म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला. “का?”

“मोठीनं बोलावलं असतं तर धाकटीला फसवल्यासारखं झालं असतं.”

“अगं वेडाबाई! सगळे तेच करतात. एकीला हो म्हणायचं आणि दुसरीच्या यादीत बसून राहायचं. दोन्हीकडच्यांना ते ठाऊक असतं. त्यात कसली आलीय फसवणूक? म्हणून तर जागा सुटतात. म्हणून तर याद्या करतात! तुला कोणी सांगितलं नाही?”

“मी कोणाला विचारलंच नाही.”

खुर्चीतल्या पेशंटनं मान वळवली आणि आ वासलेल्या तोंडानं चिमटीकडे पाहिलं. कापसातून तो काहीतरी म्हणाला. बहुधा ‘अरेरे’.

ती घरी निघाली. रस्ता रोजचाच होता. सायकलवाला घंटी वाजवत गेला, कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. चिमटीला वाटलं, या सगळ्यांना माहीत असणार. दुकानदाराला, सायकलवाल्याला. कसं वागायचं असतं हे जगाला माहीत आहे आणि आपल्यालाच नाही. आणखी काय काय माहीत नसेल? ती एका पायरीवर टेकली. पायरीच्या मालकिणीनं दार उघडून विचारलं, “कोण हवंय?” चिमटी म्हणाली, “कोणी नाही,” आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं गुरुजींची कवळी शिजवायला घेतली.

पाणी हळूहळू तापवायचं असतं. घाई केली की लगद्याच्या पोटात बुडबुडे अडकतात. वरून काही दिसत नाही. हे चिमटीला झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण लॅबमध्ये फोन धड लागायचा नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी लागायचा. सकाळपासून तिच्या मनानं घेतलं होतं, की आज फोन येणार आणि आपण इथे डबीपाशी असणार. तिनं गॅस मोठा केला. पुढे गेली. खिडकीशी उभी राहिली. परत आली तेव्हा पाणी खदखदत होतं.

बाबांनी कवळी साफ केली, पॉलिश केली आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली.

“चिमटे, इकडे ये.”

ती गेली. गुलाबी रंगात बारीक बारीक टिंबं दिसत होती. मोहरी पेरल्यासारखी.

“घाई कसली होती?”

“कसली नाही.”

“मग पाणी एवढं का तापवलंस?”

चिमटीनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. “बाबा, मी धाकटीला नाही म्हणून कळवलंय.”

बाबांनी कवळी खाली ठेवली. “कधी?”

“मुदत होती तेव्हाच.”

“आम्हाला विचारायचंस तरी.”

“त्यात विचारायचं काय? तुम्हीच म्हणता ना, एकाला हो म्हटलं की दुसऱ्याकडे बघायचं नाही.”

“मी कवळ्यांचं म्हणतो!”

“तसं कधी सांगितलं नाहीत.”

बाबा स्टुलावर बसले. चिमटीनं त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, थकलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला होता. इतके दिवस तिला वाटत होतं, बाबांना कळलं की ते काहीतरी करतील. आता कळलं, की त्यांना काही करता येणार नाही. तिचं उरलंसुरलं अवसान गळालं.

संध्याकाळी आई आली. तिनं चपला काढता काढता सगळं ऐकलं. एक चप्पल पायातच राहिली.

“धन्य आहे तुम्हां बापलेकींची,” ती म्हणाली. “एवढ्या वर्षांत या घरात पहिल्यांदा कोणी तुमचं ऐकलं. आणि ते हे!”

“मला काय माहीत ती—”

“तुम्ही गप्प बसा. आणि तू रडू नकोस. अजून काही झालेलं नाही. मी बोलते उद्या.”

आई सकाळी खुर्ची ओढून फोनपाशी बसली. पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि पर्समधला आवाज काढला. “नमस्कार. प्रवेश विभागाशी जोडून देता का? थांबते मी, काही हरकत नाही.” चिमटी आणि बाबा दारात उभे होते. आई गोड गोड बोलत होती. मुलीच्या हातून चूक झाली, घरातल्यांचा गैरसमज झाला, वगैरे. मग ती ऐकायला लागली. हळूहळू तिची पाठ खुर्चीला टेकली.

“दिली? इतक्यात?” तो घरातला आवाज होता. “बरं. बरं. नाही, तुमचा काय दोष.”

तिनं फोन ठेवला. “त्यांच्याकडेही यादी होती,” ती म्हणाली. “हिनं नाही म्हटलं, त्याच दिवशी जागा गेली. ज्या मुलीला दिली ती येऊन दाखलही झाली.”

कोणीतरी दुसरी. तिच्याही पोटात गोळा असेल आणि तो त्या दिवशी विरघळला असेल. चिमटीला त्या मुलीचा भयंकर राग आला. मग त्या रागाचीच तिला भीती वाटली. आपण अशा नव्हतो, असं वाटलं.

आता फक्त मोठी उरली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एक पत्र लिही. आटोपशीर. अजून यायचंय, मधल्या काळात काय काम केलंस, आणि बोलावलं तर नक्की येणार. बस. आणि जमलं तर लिही, दुसरीकडून बोलावणं आहे, त्यांना उत्तर द्यायचंय. म्हणजे जरा हलतील.”

“पण बोलावणं नाहीये.”

“ते त्यांना कुठे ठाऊक आहे?”

चिमटीनं ते वाक्य लिहिलं. मग खोडलं. पुन्हा लिहिलं. विचारलं तर काय सांगायचं, कोणी बोलावलंय? तिनं ते कायमचं काढलं. हा खरेपणा होता की भित्रेपणा, तिला सांगता आलं नसतं. मग तिनं बाबांना विचारलं, “माझ्याकडे दुसरी कुठलीच जागा नाही, हे लिहू?”

“नको. दया करा म्हटल्यासारखं होईल.”

“मग काय लिहू?”

“बोलावलंत तर येईन, एवढं लिही. त्या म्हाताऱ्या बाईंचं लिही.”

तिनं लिहिलं. हिरड्यांचं लिहिलं, बुडबुड्यांचंही लिहिलं. आपण केलेली चूक कशामुळे आत राहते आणि बाहेर दिसत नाही, हे लिहिलं. पत्र पाठवलं. लगेच उत्तर आलं. तिघंही फोनवर वाकली. ‘आपला संदेश मिळाला. या संदेशाला उत्तर देऊ नये.’

“मशीन आहे,” आई म्हणाली. “आमच्याकडेही बसवणारेत म्हणे.”

“आणखी एक पाठवू?” चिमटीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“अजिबात नाही. माशीसारखी घोंगावू नकोस. माणसं हात उगारतात.”

मग काही करायचं उरलं नाही. हे सगळ्यांत भयंकर होतं. चिमटी फोन उशाशी ठेवायची, ताटाशेजारी ठेवायची, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवायची. वाजला की दचकायची. वाजला नाही की उचलून बघायची, बंद तर नाही ना पडला. एका दुपारी तो सारखा वाजायला लागला. उचलला की कट. पुन्हा वाजला. पुन्हा कट. संध्याकाळी कळलं, आई होती.

“लागतोय का, ते बघत होते मी,” आई म्हणाली.

“आई! तू लावत बसलीस तर त्यांना कसा लागणार?”

“अगं, मला काय सुचतंय का दिवसभर? आज बाळंतपणाच्या वॉर्डातला फोन मी शवागारात जोडून दिला.”

बाबा हसले. मग त्यांनाच लाज वाटली आणि ते लॅबमध्ये निघून गेले.

बाबांचं विचित्रच चाललं होतं. ते चिमटीकडे बघायचे नाहीत. बघितलं तर लगेच नजर वळवायचे. पूर्वी दिवसभर टोमणे चालायचे. हा दात वाकडा लावलास, त्या पेशंटला काय चावे घ्यायला पाठवायचंय का. आता दात खरंच वाकडा लागला, तरी गुपचूप काढून सरळ लावायचे. तिला ते सहन होईना. एकदा तिनं मुद्दाम पुढचे दोन दात उलटसुलट लावून ठेवले. बाबांनी ते बदलले आणि काही बोलले नाहीत.

गुरुजींचं नवं मेणकाम झालं. त्यांनी कुरकुर केली नाही. “तुझं झालं?” एवढंच विचारायचे. पुढचं विचारायचे नाहीत. सगळेच तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायला लागले होते. त्यानं ती आणखी घाबरली.

मोठीचे वर्ग सुरू होण्याचे दिवस जवळ आले. त्या दिवशी सकाळी बाबा रबरी वाटीत प्लास्टर कालवत होते. प्लास्टर कालवलं की थांबून चालत नाही. चहा पिण्याइतकाही वेळ नसतो. ओता, नाहीतर टाका. बाबांनी आजवर एक वाटी वाया घालवली नव्हती.

पुढच्या खोलीत फोन वाजला.

चिमटी धावली. अनोळखी नंबर. तिचा अंगठा नीट टेकेना. फोनचा स्पीकर लावून ती खिडकीशी उभी राहिली. मागे बाबा हातातल्या वाटीसकट येऊन थांबले.

पलीकडच्या माणसानं तिचं खरं नाव घेतलं. तिला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कोणासाठी आहे.

“हो. म्हणजे मीच. मीच बोलतेय.”

“मोकळ्या आहात ना?” तो खोकला. “आपण प्रतीक्षा यादीत होता.”

होता. चिमटीनं खिडकीचा गज धरला.

“आमच्याकडे एक जागा सुटली होती. पण ती धातूंवर काम करणाऱ्या गटातली होती. त्या विषयातल्या उमेदवाराला द्यावी लागली. आता वर्ग सुरू होतायत, म्हणून यादी बंद करतोय. तुमचं पत्र इथे सगळ्यांनी वाचलं. नुसतं पानावर टाकण्यापेक्षा फोन करावा म्हटलं.”

“बरं केलंत,” चिमटी म्हणाली. आवाज तिचा नव्हता. आईसारखा, पर्समधला होता. “मी पुढच्या वर्षी अर्ज केला तर?”

“करा ना. पण पुढच्या वर्षीचं मी आज काही सांगू शकत नाही. किती अर्ज येतात, किती जागा असतात, कोणालाच माहीत नसतं.”

“हो. बरोबर.”

“शुभेच्छा,” तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

बाहेर कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. चिमटी गज धरून उभी होती. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली ते होऊन गेलं होतं. आता गोळा जाईल, असं तिला वाटलं. तिनं वाट बघितली. तो गेला नाही. आजपर्यंत एक तारीख तरी होती घाबरायला. आता पुढे काहीच नव्हतं. सगळं वर्ष मोकळं पडलं होतं.

ती वळली. बाबा तिथेच होते. हातातल्या वाटीत प्लास्टर दगड झालं होतं. कालवायचा चमचा त्यात उभाच्या उभा रुतला होता.

“बाबा, प्लास्टर.”

त्यांनी वाटीकडे पाहिलं. चमचा ओढून बघितला. हलला नाही.

“आईला कोण सांगणार?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

“मी? छे. मला नाही जमायचं.”

“मग मी सांगते.”

दोघं लॅबमध्ये आली. बाबांनी रबरी वाटी दाबली, उलटी केली. प्लास्टरचं गोल ढेकूळ टेबलावर पडलं, चमच्यासकट. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “पुढच्या वर्षी दोन्हीकडे हो म्हणायचं.”

“तुम्ही म्हणाल, बाबा? दोन डॉक्टरांना?”

बाबांनी विचार केला. खरंच केला. कपाळावर आठ्या पडल्या.

“मी नाही म्हणणार,” ते म्हणाले. “तू म्हण.”

चिमटीला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नाही. नाकातून काहीतरी आवाज निघाला. बाबांनी फडकं पुढे केलं. त्याला मेणाचा वास येत होता.

“चिमटे.”

“काय?”

“तू अर्ज करणार आहेस ना?” त्यांनी विचारलं. “का इथेच बसणार माझ्या शेजारी? माझ्यामुळे?”

तिनं फडकं खाली घेतलं. ते तिच्याकडे बघत होते. कित्येक दिवसांनी सरळ बघत होते. फळीवर कामं ओळीनं मांडलेली होती. डावीकडचं पहिलं गुरुजींचं.

“करणार,” ती म्हणाली.

“नक्की?”

“हो.”

हो म्हटलं होतं. लॅबमध्ये उभं राहून, बाबांसमोर. चिमटीला दरदरून घाम फुटला.